शरणागतीची किंमत

बुद्धिबळातले प्यादे घाबरत नाही. बळी द्यायचे ठरले की मुकाट्याने पटाबाहेर जाते. पायदळाच्या छोट्या तुकड्यांची लढाई पटावर मांडणाऱ्या खेळांनी ही आज्ञाधारकता मोडली. जॉन हिल यांचा 'स्क्वॉड लीडर' १९७७ साली अमेरिकेत ॲव्हलॉन हिल या कंपनीने काढला. त्याचे विस्तारलेले रूप म्हणजे १९८५चा 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'. विषय दुसऱ्या महायुद्धाचा. पटावरचे एक षट्कोनी घर म्हणजे ४० मीटर जमीन, तुकडीची एक सोंगटी म्हणजे साधारण दहा माणसे. सोंगटीवर माऱ्याची ताकद आणि पल्ला यांच्याबरोबर मनोधैर्याचाही आकडा असतो. धैर्याची कसोटी लागली की दोन फासे टाकायचे; बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तुकडी खचते. खचलेली तुकडी गोळी झाडत नाही, आडोसा शोधत पळते. कुणी सावरेपर्यंत ती खेळाडूचे ऐकत नाही.

माणूस घाबरतो, हे मान्य करणारा खेळ युद्धाविषयी बुद्धिबळापेक्षा अधिक खरे बोलतो. पण याच खेळात शरणागतीचाही नियम आहे. पळायला वाट न उरलेली तुकडी शेजारच्या शत्रूपुढे हात वर करते. कैदी घेतले तर त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो, म्हणजे आपलीच माणसे अडकतात. म्हणून शरणागती नाकारण्याची मुभा आहे. नाकारली की ती तुकडी संपते; मात्र त्यानंतर शत्रूचे खचलेले सैनिक सहसा आपल्यापुढे असे शरण येत नाहीत.

नियम वास्तवाला धरून आहे. क्रौर्याने शत्रू अधिक चिवट होतो. पण तो वाचून खेळाडू काय विचारतो? आता मारले तर पुढे किती महाग पडेल? डावाची शेवटची फेरी असेल तर उत्तर सोपे आहे: काहीच महाग पडणार नाही.

सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्यासाठीही अशीच शेवटची फेरी आहे. युद्ध हरलेले, रात्र पडलेली, शत्रू झोपलेला. कृपाचार्य त्याला उद्या लढू म्हणतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. झोपलेला, शस्त्र खाली ठेवलेला, शरण आलेला यांचा वध धर्माला मान्य नाही, असे ते बजावतात. मारू नये याचे कारण समोरच्या माणसाच्या अवस्थेतच आहे. लाभ-हानीचे आकडे बदलले म्हणून ते बदलत नाही.

असा खेळ खेळणारा क्रूर होतो, असे मला वाटत नाही. पुठ्ठ्याच्या सोंगटीवर अन्याय होऊ शकत नाही, तशी दयाही होऊ शकत नाही. नियमपुस्तकाने धर्म शिकवावा, ही अपेक्षाही चुकीची. धोका वेगळा आहे. भीतीसारखी नाजूक गोष्ट ज्याने इतकी चोख मोजली, त्याने सगळेच मोजले असेल, असे वाटू लागते. खऱ्या युद्धांच्या चर्चेतही आपण हेच करतो: अमुक हल्ल्याने कुणाचा फायदा झाला, जगात कुणाची प्रतिमा डागाळली. हिशेब बरोबर असतो, आणि हात वर केलेला माणूस त्यात कुठेच नसतो.

खेळ जरूर खेळावा. पण 'परवडत नाही म्हणून मारले नाही' आणि 'मारू नये म्हणून मारले नाही' या दोन वाक्यांत पटावर काही फरक दिसत नाही, हे खेळताना ठाऊक असावे. शरण आलेल्याचा जीव मात्र त्याच फरकावर अवलंबून असतो.