चाळीस एकर लाल फिती

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मध्यमवर्गीय माणसाची जगाकडून एकच अपेक्षा असते, ती म्हणजे जगानं आपल्याला दोन तास विसरावं. गेल्या महिन्यात एका रविवारी मी असाच विसरला जाण्याच्या बेतात असताना आमची कन्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही परी व्हाल का?"

बँकेत बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला 'तुम्ही काय व्हाल' हे विचारणं मुळात कुणी बाकी ठेवलेलं नसतं. त्यातून परी! मी उठून बसलो.

खुलासा असा झाला. कन्या आणि तिच्या चार मैत्रिणी-मित्र दर रविवारी आमच्या हॉलमध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ मांडतात. मांडतात म्हणजे काय, तर कागद, पेन्सिली, चिवडा आणि वीस पैलूंचा एक फासा. एक मुलगा गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीच्यांपैकी कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. दरीवरून उडी मारली तर पलीकडे पोचणार की नाही, हे फासा टाकून ठरतं. (आमच्याकडे बढत्या याहून काही वेगळ्या पद्धतीनं होतात असं मला कधी वाटलेलं नाही.) त्या दिवशी त्यांचा एक गडी तापानं आडवा झाला होता आणि जंगलातला लेप्रिकॉन व्हायला कुणी नव्हतं.

लेप्रिकॉन म्हणजे पंखवाली परी नव्हे. आयर्लंडच्या लोककथांतला हा एक बुटका म्हातारा. जोडे शिवतो आणि सोन्याचे हंडे पुरून ठेवतो. खेळाच्या जंगलात तो वाटसरूंची गंमत करतो. अदृश्य काय होतो, नसत्या दिशेनं आवाज काय काढतो, खिसे काय कापतो! शिवाय या मुलांनी आपसांत एक संकेत ठरवला होता, की परीलोकातल्या कुणाला खोटं बोलता येत नाही. तो फसवील, पण फसवील ते खऱ्या शब्दांनीच.

"बाबा बँकेत आहेत," डंजन मास्टर म्हणाला. वय वर्षं तेरा. "त्यांना सराव लागणार नाही."

मी ही स्तुती समजलो.

मंडळी जंगलातून आली. पुढे वाट दाखवणारी धनुर्धारी होती, आमच्या शेजारची दहा वर्षांची मुलगी. खेळात नवी, म्हणून बिचारीला सगळ्यांत पुढे ठेवलेलं. समोर दरी, दरीवर दोरांचा पूल, आणि पुलाशी जोडे शिवत बसलेला मी. तिनं विचारलं, "आजोबा, हा पूल चांगला आहे का?"

मी चिवड्याची चिमूट तोंडात टाकून म्हणालो, "बाळ, या पुलावरून आजवर एकही माणूस पडलेला नाही."

मंडळी पुलावर गेली. पूल तुटला. चौघंही खाली. त्या पुलावर आजवर कुणी पाऊलच ठेवलेलं नव्हतं, हे मी अर्थातच बोललो नव्हतो. मला कुणी विचारलं होतं?

इथे तंटा झाला. डंजन मास्टर म्हणाला, थापेबद्दल काकांनी फासा टाकायला हवा होता. मी म्हणालो, थाप कसली? एक शब्द खोटा दाखव! त्यावर त्यानं २०१४ सालचं जाडजूड नियमपुस्तक काढलं. फसवणूक हे त्यात एक कौशल्य आहे, आणि सरळ खोटं बोलणं अन् संदिग्ध बोलून दिशाभूल करणं या दोन्ही गोष्टी त्यात एकाच कलमाखाली घातलेल्या आहेत. म्हणजे थापाड्यानं जो फासा टाकायचा, तोच मी! कॉमर्सच्या पदवीधराला हा हिशेब पटेना. दोन निराळ्या व्यवहारांना एकच खातं?

माझी उत्सुकता चाळवली. रात्री वाचत बसलो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून निघाला. जनक दोघं, डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स. पैकी गायगॅक्स आधी विमा कंपनीत अंडररायटर होता, आणि ती नोकरी सुटल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून त्यानं संसार रेटला. विमा आणि जोडे! लेप्रिकॉनचा एवढा अनुभव असलेला माणूस जगात दुसरा नसेल.

या खेळात प्रत्येक प्राण्याच्या नीतिमत्तेची नोंद असते. आरंभी तीनच खाती होती: नियमानं चालणारे, मधले आणि बेबंद. पुढे त्यांत सुष्ट-दुष्ट मिसळून नऊ झाली. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लेप्रिकॉनला मधल्या खात्यात टाकलंय, धड ना सुष्ट धड ना दुष्ट. आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. नोंद कुठे टाकावी हे कळलं नाही की तिथे टाकायची आणि पुढचा अधिकारी येईपर्यंत थांबायचं.

लेप्रिकॉनची एक जुनी गोष्ट जोसेफ जेकब्सनं १८९२ च्या आपल्या संग्रहात घेतली आहे. टॉम फिट्झपॅट्रिक नावाचा गडी लेप्रिकॉनला पकडतो आणि दटावतो, सोनं दाखव. तो त्याला पिवळ्या फुलांच्या रानटी झुडपांनी भरलेल्या भल्या मोठ्या शेतात नेतो आणि एका झुडपाकडे बोट दाखवतो. टॉमकडे कुदळ नसते. तो आपल्या मोज्याची लाल फीत काढून झुडपाला बांधतो, ही फीत सोडणार नाहीस अशी शपथ घालतो आणि घरी पळतो. परत येऊन बघतो तर काय, शेतातल्या एकूण एक झुडपाला तशीच लाल फीत! शेत चाळीस एकरांचं.

लेप्रिकॉननं वचन मोडलेलं नाही. फीत जिथल्या तिथे आहे. ऑडिटरला एक ओळ मिळायची नाही.

ही गोष्ट वाचून मला झोप लागायला हवी होती. धर्मराजासुद्धा अश्वत्थामा नावाच्या हत्तीवर निभावून गेला, मग मी कोण? पण धर्मराजाचा जमिनीवरून चार बोटं वर चालणारा रथ त्या एका वाक्यानं खाली आला होता, हेही लगेच आठवलं. महाभारतकारांनी फासा टाकायला लावलाच. आणि खरं सांगायचं तर झोप त्या रथामुळे उडाली नव्हती. दुपारी पूल तुटल्यावर माझ्याशी भांडला तो डंजन मास्टर. ती दहा वर्षांची मुलगी भांडली नाही. ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली होती, "सॉरी हं, माझ्यामुळे पडलात. मी नीट विचारायला हवं होतं."

थापाड्यानं फसवलं की माणसाला निदान रागावता तरी येतं. खऱ्या शब्दांनी फसवलं की राग ठेवायला जागाच उरत नाही. बोट आपल्याचकडे वळतं. सोनं तर जातंच, वर मूर्खपणाची पावतीही आपल्याच नावावर फाटते. थाप मारणारा आपलं पाप निदान स्वतःच्या खात्यावर ठेवतो. आम्ही ते ग्राहकाच्या खात्यावर वर्ग करतो.

ग्राहक हा शब्द उगीच आलेला नाही. मला आठवीत गणित शिकवलेले एक सर आमच्या शाखेत येतात. चौसष्ट वर्षांचे, पेन्शनर. त्यांची चार लाखांची ठेव मुदत संपून हातात आली, तेव्हा मार्चअखेर जवळ होती आणि विम्याचं टार्गेट माझ्या मानगुटीवर होतं. सरांनी विचारलं, "एफडीपेक्षा चांगलं का रे हे?" मी म्हणालो, "सर, एफडीत विमा नसतो." सरांनी विचारलं, "पाच वर्षांचंच ना?" मी म्हणालो, "पाच वर्षंच, सर." दर वर्षी चार लाख, अशी पाच वर्षं, हे मी बोललो नाही. छापलेलं होतं. सरांनी सह्या कुठे करायच्या तिथे मी पेन्सिलीनं फुल्या करून दिल्या होत्या. पानोपान फुल्या. सरांनी एकेक फुली शोधून, चष्मा सावरत सह्या केल्या. जाताना म्हणाले, "तू आहेस म्हणून काळजी नाही."

लेप्रिकॉनच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्याला टॉमनं मुठीत धरलं होतं, आणि त्या वीतभर जिवाकडे शब्दांखेरीज दुसरं हत्यार नव्हतं. मला सरांनी धरलं नव्हतं. धरलं होतं ते साहेबांनी, पण साहेबांना फसवायची आमची छाती कुठली!

सोमवारी बँकेत गेल्या गेल्या मी फाईल काढली. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. २०२४ पासून ही मुदत तीस दिवसांची झाली आहे, किरकोळ कापाकापी होऊन बाकी पैसे मिळतात. तो चोविसावा दिवस होता. अर्जाचा नमुना समोर ठेवून मी सरांना फोन लावला.

"सर, ती निळी फाईल घेऊन जरा शाखेत याल का?"

"का रे? काही राहिलंय का?"

"हो सर. एक सही राहिलीय."

"माझंच चुकलं असणार. फुली दिसली नसेल. येतो."

फोन ठेवला. टेबलावरच्या कोऱ्या अर्जावर सहीच्या जागी मी आधीच पेन्सिलीनं फुली करून ठेवली होती. ती खोडली आणि सरांना पुन्हा फोन लावला.