बंदिशाळेतील योहान

यार्देनेच्या तीरी निर्भयपणे ख्रिस्ताची साक्ष देणारा योहान हेरोदाच्या बंदिशाळेत मनाने डळमळला. त्याने आपली शंका शिष्यांकरवी येशूला कळवली (मत्तय ११). प्रभूने त्याला अल्पविश्वासी ठरवले नाही. उलट लोकसमुदायापुढे त्याचा गौरव केला. आपण मात्र खचलेल्या बंदिवानाविषयी ‘पापाचे फळ’ असे सहज बोलून जातो!

दिल्लीच्या तिहार कारागृहातील बहुसंख्य बंदिवान कच्चे कैदी आहेत. अपराध सिद्ध नाही, सुटकेचा दिवस ठाऊक नाही. ही अनिश्चितताच मन पोखरते. तेथील माता सहा वर्षांपर्यंत लेकराला जवळ ठेवू शकते; पुढे ताटातूट. तिची झोप कशी उडत असेल?

१९९४ साली किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना तेथे हजारावर बंदिवान दहा दिवसांच्या विपश्यनेस बसले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक राज्यातील निदान एका कारागृहात मनोरुग्णांवरील उपचारांची सोय बंधनकारक केली. कायदा वैद्य देईल. पण भेटीच्या दिवशी कोण जाईल?

योहानाचे शिष्य बंदिशाळेत जात-येत होते, म्हणूनच त्याची व्यथा प्रभूपर्यंत पोहोचली. आपल्या मंडळीतील ज्या घरचे माणूस आत आहे, त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो होतो?