साक्षपट आणि आपली साक्ष

वाचनासाठी: निर्गम २५:१०-२२, स्तोत्रसंहिता ११९



आपल्या प्रार्थनासभेत गायन होते, शास्त्रवाचन होते, आणि मग पाळकसाहेब विचारतात, "कोणास साक्ष द्यावयाची आहे काय?" कोणी उठून दुखणे बरे झाल्याचे सांगतो, कोणी मुलास नोकरी लागल्याचे. मंडळी "आमेन" म्हणते. हे योग्यच आहे. उपकार विसरणाऱ्यापेक्षा ते बोलून दाखवणारा बरा. परंतु या रूढीमुळे साक्ष म्हणजे आपण देवाविषयी काढलेले चार गोड उद्गार, असा आपला समज होऊन बसला आहे.

सीनाय पर्वतावर मोशेला ज्या दोन दगडी पाट्या मिळाल्या, त्यांना शास्त्राने 'साक्षपट' म्हटले आहे. येथे साक्ष देणारा देव आहे आणि ऐकणारा मनुष्य. स्तोत्र ११९ च्या १७६ ओव्यांत याच इब्री शब्दकुळातील शब्द पुनःपुन्हा येतो. पण आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात तेथे 'निर्बंध' असे वाचावयास मिळते. निर्बंध म्हणजे नियम, कायदा, या जुन्या अर्थाने तो शब्द चुकीचा नाही. मात्र आजच्या वाचकाला निर्बंध म्हटले की बंदी आठवते, आणि स्तोत्रकर्त्याला त्यात एवढा आनंद का वाटावा, हे त्याला उमगत नाही. तेथे 'देवाने दिलेली साक्ष' असे मनात म्हणून ते स्तोत्र एकदा वाचून पाहा. देव कसा आहे आणि त्याच्यापुढे आपण कसे आहोत, हे तो स्वतः सांगत आहे, असा त्याचा सूर लागतो.

ही साक्ष आपल्या बाजूची असतेच असे नाही. नियमशास्त्राचा ग्रंथ कोशाच्या बाजूला ठेवा, तो तुमच्याविरुद्ध साक्षी राहील, अशा अर्थाची आज्ञा मोशेने अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायात दिली आहे. बाभळीच्या लाकडाच्या, अडीच हात लांबीच्या त्या कोशात साक्षपट ठेवला गेला, आणि त्याच्यावर झाकण म्हणून काय आले? दयासन! आत मनुष्याला दोषी ठरवणारी साक्ष आणि वर क्षमेचे स्थान, अशी ती रचना होती. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक तेथे रक्त शिंपडीत असे. साक्षपट बाहेर काढून मगच दयासन मांडा, असे देवाने सांगितले नाही.

आपल्या भाषेतही साक्षी म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. मोशेच्या नियमशास्त्रात तर मृत्युदंडाच्या खटल्यात पहिला दगड साक्षीदारानेच टाकावयाचा असे. बोललेल्या शब्दाचे वजन प्रथम त्याच्याच हाताला जाणवावे, असा त्यातील हेतू असावा.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. तोवर त्यांची कीर्ती दूरवर गेली होती आणि त्यांच्या धर्मांतरावरून येथे मोठे वादळ उठले होते. अशा व्यक्तीने मागे वळून पाहताना स्वतःचा विजय रंगवला असता, तर कोणी नवल केले नसते. त्यांनी लिहिले ते निराळेच. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी तो सापडला, अशी कबुली त्यांनी दिली. विरोधकांच्या हाती कोलीत देणारे हे वाक्य त्यांना सहज गाळता आले असते. मला तर त्या सबंध साक्षीत तेच सर्वांत विश्वसनीय वाटते.

आता स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा एक कागद नात्यातील एकाने माझ्यापुढे ठेवला. आत्या आपला हिस्सा राजीखुशीने सोडत आहे, असा मजकूर होता. तिचा अंगठा आधीच उठलेला होता. खाली, 'आमच्या समक्ष' या शब्दांपुढे दोन साक्षीदारांच्या सह्यांसाठी जागा होती. घरचाच कागद, म्हणून मी सही केली. त्याच आठवड्यात, माझी हवी तेथे बदली झाली म्हणून प्रार्थनासभेत उभे राहून मी साक्षही दिली. दोन्ही गोष्टींना मी एकच शब्द वापरत होतो, हे ध्यानीही आले नाही.

दोन वर्षांनी आत्या घरी आली. चहाचा कप तसाच ठेवून तिने विचारले, "मी अंगठा दिला तेव्हा तू तिथं होतास का रे?"

"नव्हतो," मी म्हणालो.

"मला सांगितलं, घरपट्टीचा कागद आहे."

त्या रात्री साक्षपट आणि दयासन यांची ती रचना मला प्रथम कळली. क्षमा मागावयाची तर आधी ती सही उच्चारावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी मी घडले ते लिहून काढले, खाली सही केली आणि सर्व भावंडांना पत्रे पाठविली. आत्याला तिची खोली परत मिळाली. एका घराशी आमचे बोलणे मात्र कायमचे थांबले.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी उठलो आणि हे सारे सांगितले. नेहमीचे "आमेन" आले नाही. पाळकसाहेब काही क्षण तसेच उभे राहिले. मग त्यांनी गायनाचे पुस्तक उघडून पुढील गीताचा क्रमांक सांगितला.