दूरची हाक आणि जवळचे माणूस

मोबाईल फोन चांगला की वाईट, हा वाद आता जुना झाला. आळंदीहून पंढरीस पायी निघालेल्या वारकऱ्याच्या बंडीतही तो असतो. तेव्हा त्या वादात आपण शिरू नये. विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. दूरचे माणूस हाक मारीत आहे आणि त्याच वेळी समोरचे माणूसही काही सांगू पाहत आहे. अशा वेळी आपला कान कोणाचा? प्रश्न दिसतो लहान, पण घराघरातले सुखदुःख त्यावर अवलंबून आहे.

काशीगावसारख्या वस्तीचे उदाहरण घ्या. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले, महामार्गालगतचे हे गाव. आता त्याच्या भोवती चाळी आणि इमारती दाटल्या आहेत. अशा ठिकाणी कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी उत्तरेकडून पोटासाठी येऊन राहतो. त्याचा म्हातारा बाप गावी एकटा असेल, तर त्याला फोन म्हणजे चैन नव्हे. “आबा, औषध घेतलंत का?” एवढे रोज विचारता येणे ही केवढी सोय! पूर्वी याच निरोपाला पोस्टकार्ड लागे, आणि उत्तराची वाट पाहण्यात दिवसच्या दिवस जात. ज्या म्हातारीला अंथरुणावरून उठवत नाही, तिला पंढरीच्या देवाचे दर्शन आज फोनवर घडते. हे यंत्रच पापाचे, असे म्हणणाऱ्याने आधी त्या म्हातारीला जाऊन विचारावे.

पण त्याच खोलीत आणखी एक गोष्ट घडते. आबांशी बोलणे संपते, तरी फोन हातातून खाली येत नाही. एकामागून एक चित्रे सरकत राहतात. शेजारी लेक उभी असते. शाळेत काहीतरी बोचलेले असते, ते तिला बापाला सांगायचे असते. “थांब जरा बाळ,” असे तो म्हणतो. आणि ते ‘जरा’ संपेपर्यंत पोर झोपी जाते. शेकडो मैलांवरच्या आबांचा निरोप पोहोचला, दोन हातांवरच्या लेकीचा पोहोचला नाही! याला काय म्हणावे?

आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी बोलणाऱ्याला पैसे पडत, तसे ऐकणाऱ्यालाही पडत. २००३ साली ऐकणाऱ्यावरचा आकार गेला. २०१६ नंतर इंटरनेटही पुष्कळच स्वस्त झाले. गरिबाच्या हाती साधन आले, हे उत्तमच झाले. मात्र ऐकण्याला पैसे पडेनासे झाले म्हणून त्याचे मोल सरले, असे समजू नये. ते मोल आता अवधानाने चुकवावे लागते; आणि पैसा उसना मिळतो, अवधान उसने मिळत नाही.

यंत्राची रीतही हेच सांगते. मोबाईल कंपन्या मुलखाचे लहान लहान भाग पाडतात आणि भागाभागाला मनोरा उभा करतात. आपण चालू लागलो की एक मनोरा आपले बोलणे दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. पण एका मनोऱ्याला एका वेळी किती जणांचे बोलणे वाहता येईल, याला मर्यादा आहे. आषाढीला पंढरीत लाखोंचा मेळा जमतो आणि सगळेच एकदम हाक मारू लागतात, तेव्हा कोणाचाच फोन धड लागत नाही. जो लोखंडी मनोऱ्याला लागू तो न्याय माणसाच्या मनाला लागू नाही काय?

आता आपल्या वारीतली व्यवस्था पाहा. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावून पुकारतो आणि एवढा मोठा समाज निःशब्द होतो. मग हरवले-सापडल्याचे निवेदन होते, उद्या निघण्याची वेळ कळते. आणि खरी मौज पुढेच आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही. सगळे गप्प असल्यामुळे तिचाच आवाज तेवढा उठून येतो. चोपदार तिकडे जातो आणि तिचे गाऱ्हाणे ऐकतो. म्हणजे शांतता कशासाठी? ज्याचे दुखते आहे त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून!

घरालाही असा चोपदार हवा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तो नेमला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरविले की, संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघर टीव्ही व मोबाईल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. यात फोनचा द्वेष नाही. वेळेची वाटणी आहे.

कोणी म्हणेल, “भोंग्याने फोन बंद होईल, मन कुठे बंद होणार?” खरे आहे. पण एकादशीच्या उपासानेही मन लगेच जिंकले जात नाही; तरी नेम धरावा लागतो, कारण नेमाने मनाला वाट सापडते. दुसरा कोणी म्हणेल, “माझे पोट फोनवर आहे. रिक्षा चालवतो, घरोघर सामान पोहोचवतो. फोन बंद केला तर चूल बंद.” त्याचेही खरे आहे. आजाऱ्याला आपण उपास सांगत नाही. तसा या माणसाला दीड तासाचा नेम सांगणे हा धर्म नव्हे. त्याने जेवणाच्या ताटावरची दहा मिनिटे राखावीत. तीही प्रामाणिकपणे राखली तर घराला पुरतात. पण ज्याला अशी अडचण नाही आणि तरी ज्याचा हात फोनवरून निघत नाही, त्याने दुसऱ्याच्या पोटाची सबब पुढे करू नये.

तेव्हा दूरच्या आबांना फोन जरूर करावा, आणि मनापासून करावा. ते झाले की फोन खाली ठेवून आपल्या घरात कान द्यावा. तिथे कोणाचा टाळ अजून वाजतो आहे? बायकोचा? लेकीचा? कोपऱ्यात मुकाट बसलेल्या आईचा? सगळे थांबले तरी ज्याचा थांबत नाही, त्याच्याकडे आधी जावे. पांडुरंग विटेवर उभा राहून सगळ्यांचे ऐकतो, अशी आपली श्रद्धा आहे. त्याच्या वारकऱ्याला घरातल्या चौघांचे ऐकता येऊ नये, हे शोभत नाही.

रामकृष्ण हरी.