घेरदार प्रश्न

रद्दीच्या दुकानात मी दुर्मिळ पुस्तकं शोधायला जातो, असं मी सांगतो. घरातली रद्दी वाढवायला जातो, असं आमची ही सांगते. परवा विन्स्लो होमरच्या चित्रांचं पुस्तक मिळालं. हा होमर अमेरिकेतला, महाकाव्यवाला निराळा. १८५७ साली न्यूयॉर्कमध्ये 'हार्पर्स वीकली' निघालं. त्यात याची चित्रं लाकडावर कोरून छापत.

हे बॉक्सवुडचं लाकूड कठीण, पण खोड लहान. म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे बोल्टांनी जखडायचे आणि कोरायला निरनिराळ्या कारागिरांत वाटायचे. त्यातच त्या काळी बायकांच्या झग्याखाली पोलादी कड्यांचा पिंजरा आलेला. एखाद्या बिचाऱ्याच्या वाट्याला नुसता घेरच येत असेल, बाई शेजारच्याकडे!

१८६० च्या थँक्सगिव्हिंगला होमरने समाजाचे दोन वर्ग रेखाटले : भुकेपेक्षा जेवण जास्त असलेले आणि जेवणापेक्षा भूक जास्त असलेले. १८६८ च्या चित्रात लॉरेन्स गावची गिरणी सुटलीय. बाया, बाप्ये, पोरं, हातात जेवणाचे डबे. कोण कुठल्या वर्गातलं, हे कपडेच सांगतात. बघणाऱ्याची केवढी सोय!

पण पुढे घोटाळा झाला. कारखान्यांनी पिंजरे स्वस्त केले आणि ते मोलकरणीही घालू लागल्या. १८६३ साली एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने कपडे बेतायचे कागदी नमुने विकायला काढले. फॅशन घरोघर पोचली. मग व्यंगचित्रकारांना मोलकरणीचा घेर दिसू लागला. मालकीण दारात अडकली तर ती फॅशन. मोलकरीण अडकली तर तो आगाऊपणा!

असल्या एका चित्राला मी खो खो हसलो, आणि एकदम गेल्या दिवाळीची आठवण झाली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई पाडव्याला नवी साडी नेसून आल्या होत्या. डिट्टो हिच्यासारखी. मी काळजीच्या सुरात म्हणालो, "एवढी महागाची कशाला घेतलीत?"

त्या म्हणाल्या, "काकूंना शोभली, म्हणून मी पण घेतली. का, काका? वाईट दिसते?"

हाच प्रश्न मी हिला विचारला नव्हता. एक तर हिंमत नव्हती. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं : तो सुचलाच नव्हता. पैसे बाईंच्या घामाचे, हौस बाईंची. आणि हिशेब मी मागत होतो! बरं, त्याला मी काळजी समजत होतो. कोरणाऱ्याची पोलादी सळई रेशमाच्या चुणीला आणि ठिगळाला सारखीच झिजत असणार. भेद होता तो बघणाऱ्या डोळ्यात. आणि त्या डोळ्यांना मी दर वर्षी नवा चष्मा करून देतो.

यंदा पाडव्याला बाई पुन्हा नवी साडी नेसून आल्या. मी प्रायश्चित्त म्हणून मोठ्याने म्हणालो, "वा! छान दिसते हो साडी!"

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "मला कधी म्हणालात?"