आपल्या विचारांचा विचार

(आधार: स्तोत्र १३९ : २३, २४)

वरील वचनांत स्तोत्रकर्ता आपलें मन देवापुढें उघडें ठेवितो, आणि त्यांत कांहीं वाईट दडलें आहे काय, हें देवानेंच पाहावें अशी याचना करितो. ज्यानें एवढीं स्तोत्रें गाइलीं, त्यालाही स्वतःचें मन ओळखण्यास देवाचें साहाय्य लागलें. मग तुम्हां-आम्हांस तें किती लागेल!

आपल्या कोल्हापुराकडील गुऱ्हाळ सर्वांच्या परिचयाचें आहे. रस थंड असतां त्यांतील मळ दिसत नाहीं. काहिलीस उकळी फुटली म्हणजे मळी वर येते, आणि गुळव्या भेंडीचें पाणी घालून ती काढून टाकितो. पुढें थोडा पाक गार पाण्यांत सोडून त्याची गोळी होते कीं नाहीं, हें तो बोटांनीं पाहतो. ही पारख गुळासाठीं असते. पण पारखीवांचून चांगला गूळ होत नाहीं.

मनाचेंही असेंच आहे. ख्रिस्ताची सेवा हेंच आमच्या आयुष्याचें ध्येय, असें आम्ही मुखानें म्हणतों. परंतु वाट चालतांना, नांगर धरितांना, जात्यावर बसलें असतां आमचे विचार कोणीकडे धांवतात? जिकडे ते धांवतात, तिकडेच आमचें खरें ध्येय असतें.

आम्ही आपलीच गोष्ट सांगतों. एकदां एका खेड्यांत आजारी बंधूच्या अंथरुणाजवळ आम्ही प्रार्थना करीत होतों. शब्द देवाकडे चालले होते. मन मात्र दाराशीं उभे असलेले शेजारी आमची प्रार्थना ऐकून काय म्हणतील, इकडे लागलें होतें. परत येतांना हें आमच्या ध्यानांत आलें. त्या बंधूनें आपलें कोणतें दुःख सांगितलें होतें, तेंही आम्हांस नीट आठवेना. फार लाज वाटली; पण त्या लाजेनेंच आम्हांस प्रार्थना शिकविली.

इ. स. १८५२ त रेव्ह. रॉयल वाइल्डर यांनीं कोल्हापुरांत मिशनचें काम सुरू केलें. त्यांचे पुत्र रॉबर्ट हे येथेंच १८६३ त जन्मले. १८८६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत माउंट हर्मन येथें विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. तेथें रॉबर्ट यांच्या प्रार्थनेनें व खटपटीनें शंभर तरुण परदेशीं सुवार्ता नेण्यास पुढें आले. त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ निघाली. पुढें १८९२ त त्या चळवळीच्या प्रतिज्ञेचे शब्द बदलले. पूर्वी सही करणारा आपली तयारी व इच्छा कळवी; नंतर तो आपला हेतु कळवूं लागला. भेद लहान दिसतो, परंतु लहान नाहीं. इच्छा येते आणि जाते. हेतु पायांस वाट दाखवितो. आपली इच्छा कोणती आणि निश्चय कोणता, हें ज्यास ओळखतां येत नाहीं, तो इच्छेलाच सेवा समजून घरीं बसतो.

ह्यास्तव रात्रीं दिवा मालविण्यापूर्वी प्रभूसमोर स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या: आज माझें मन वारंवार कशाकडे वळलें? जें केलें तें कोणासाठीं केलें? उद्यां प्रभूकरितां कोणतें एक काम करीन? उपदेशक बंधूंनो, किती खेडीं फिरलों हें लिहिण्यापूर्वी कशासाठीं फिरलों, हें पाहूं या.

"तूं कशाच्या लोभानें ख्रिस्ती झालास?" असें गांवकरी पुष्कळांस विचारितात. हा प्रश्न एकांतांत स्वतःस विचारण्यास भिऊं नका. लूक १५ मधील धाकटा पुत्र शुद्धीवर आला, तेव्हां त्याला पहिली आठवण बापाच्या घरच्या भाकरीची झाली. तो भुकेनें निघाला, तरी बापानें त्याला धांवत येऊन मिठी मारिली. आमचें पहिलें कारण कसलेंही असो, प्रभु आज त्याहून चांगलें कारण देण्यास समर्थ आहे.

मात्र मनाकडेच पाहत बसूं नये. गुळव्या पाक पारखीतच राहिला, तर काहील करपून जाईल. मळी दिसली कीं ती प्रभूच्या हातीं द्यावी, आणि उठून कामास लागावें. तो आपणां सर्वांचीं मनें शोधो, शुद्ध करो, आणि सनातन मार्गानें नेवो. आमेन.