आडवा पाडण्याचा हक्क

कुऱ्हाड गॉब्लिनला लागली आणि आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी मैत्रीण म्हणाली, "टॉपल." एवढंच. मी पुस्तकात नियम पाहिला आणि गॉब्लिनच्या वतीने फासा टाकला. तेरा हवे होते, सात पडले. गॉब्लिन आडवा. आठ वर्षं आम्ही हा खेळ खेळतोय, पण तिने कुणाला पाडल्याचं मला आठवेना. कुऱ्हाड तिच्या हातात तेव्हाही होती.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण गोष्ट चालवतो. जग, हवामान, खानावळीचा मालक आणि झुडपामागे दबा धरलेले शत्रू हे सगळं तोच. त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्यात नुसतं डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमलं की नाही, ते वीस बाजूंच्या फाशाचं दान ठरवतं. शेवटी कोणी जिंकत नाही. आमचा डीएम मी. पुण्यात, रविवारी संध्याकाळी, चार खेळाडू. पुस्तक इंग्रजी, खेळ मराठीत.

या खेळाचं नवं प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४मध्ये आलं, ३८४ पानांचं. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये डीएमसाठीचं पुस्तक आणि फेब्रुवारी २०२५मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. खेळ काढणारी कंपनी याला सहावी आवृत्ती म्हणत नाही. २०१४ची पाचवी आवृत्तीच सुधारली आहे, जुनी साहसं नव्या नियमांनी खेळता येतील, असं तिचं म्हणणं. जुनं मोडीत न काढता नवं विकायचं, हे व्यापाराला धरूनच आहे. आम्ही तो शब्द खरा मानला आणि २०१४च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' पुन्हा काढलं. २०१७मध्ये आमची सुरुवात याच साहसाने झाली होती. माणसं तीच, साहस तेच, बदलले फक्त नियम; म्हणजे फरक नेमका दिसेल, असा माझा हिशेब. (फक्त नियमच बदलले होते असं नाही. आता एकाला पाठीमागे उशी लागते आणि दहानंतर चहा कोणी घेत नाही.)

या साहसाच्या सुरुवातीला रस्त्यात दोन मेलेले घोडे दिसतात आणि आजूबाजूला चार गॉब्लिन लपलेले असतात. सगळ्यांना हे पाठ होतं, तरी माहीत नसल्याचं सोंग सगळ्यांनी छान वठवलं. जुन्या नियमात बेसावध सापडलेल्याची पहिली पाळीच जायची. २०१७मध्ये आमच्या जादूगाराने तोंड उघडायच्या आत दोन बाण खाल्ले होते आणि तो कोसळला होता. नव्या नियमात बेसावध माणसाला पाळी ठरवताना दोनदा फासा टाकून कमी दान घ्यावं लागतं, बस्स. जखम भरणाऱ्या साध्या मंत्राला पूर्वी आठ बाजूंचा एक फासा मिळे, आता दोन मिळतात. औषधाची कुपी प्यायला पूर्वी अख्खी कृती खर्च व्हायची, आता वार करून वर कुपीही पिता येते. या वेळी कोणीच पडलं नाही. मला हे फारसं आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या पहिल्या दिवशी जी भीती वाटली होती तिच्या आठवणीवर आम्ही आठ वर्षं खेळलो.

पण खरा मुद्दा कुऱ्हाडीचा आहे. नव्या पुस्तकात प्रत्येक हत्याराला एक खास गुण दिला आहे. लढाईच्या कुऱ्हाडीचा गुण टॉपल: वार लागला की समोरच्याने तोल सांभाळायचा, नाही सांभाळला तर तो पडला. हातोड्याने शत्रू मागे रेटला जातो, छोट्या धनुष्याचा बाण लागला की त्याच शत्रूवरचा पुढचा नेम सोपा होतो. लढवय्या पात्राला पहिल्याच पातळीवर अशा तीन हत्यारांचे गुण वापरता येतात. वाचताना मी नाक मुरडलं होतं. ढकलून पाडण्याचा नियम जुन्या पुस्तकातही होता, पण त्यासाठी वार सोडावा लागे. वारही लागावा आणि शत्रूही पडावा असं वाटलं तर डीएमला पटवावं लागायचं, आणि खेळाची खरी गंमत या पटवण्यात आहे, असं माझं मत होतं. आमचा वकील मित्र सुरू व्हायचा: "हे बघ, पाऊस पडून गेलाय, उतार आहे, चिखल आहे, मी कुऱ्हाड उलटी करून त्याच्या गुडघ्यामागे हाणतो. आता तो उभा राहीलच कसा?" आणि मी खूश होऊन म्हणायचो, "टाक फासा." असे त्याने किती गॉब्लिन पाडले त्याची गणती नाही.

मैत्रीण मात्र म्हणायची, "मी वार करते." तिला चिखल दिसत नव्हता असं नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी आर्जवं करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती बँकेत कर्ज विभागात आहे. दिवसभर लोक तिच्यापुढे बाजू मांडत असतात, तेव्हा संध्याकाळी स्वतः कुणापुढे ते करायला तिला नको वाटत असेल. ज्याला मी आठ वर्षं टेबलाचं स्वातंत्र्य समजत होतो, ते मुख्यतः माझं आणि वकिलाचं होतं. त्याच्याकडे वक्तृत्व होतं, माझ्याकडे मर्जी. पुस्तकाने ती गोष्ट माझ्या मर्जीतून काढली आणि तिच्या हक्कात घातली. त्यासाठी तिला एक शब्द उच्चारावा लागला.

याची किंमतही आहे. पहिली किंमत वेळेची: प्रत्येक वारागणिक मला आणखी एक फासा टाकावा लागतो, आणि चार गॉब्लिनांची चकमक जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते. दुसरी मला जास्त लागली. पूर्वी तिथे एक मराठी वाक्य होतं, चिखल, उतार आणि गुडघ्यासकट. आता एक इंग्रजी शब्द आहे. वकीलही पाचव्या चकमकीपर्यंत "टॉपल" म्हणून मोकळा होऊ लागला. जे मागूनच मिळायचं, त्यासाठी माणूस प्रसंग रंगवत होता. मागायची गरज संपल्यावर कोण रंगवणार? आणखी एक गोष्ट हळूच घडते: जे लिहिलेलं आहे ते चालतं, हे कळलं की जे लिहिलेलं नाही ते चालत नसावं, असं वाटू लागतं. आमच्या जादूगाराने झुंबराची दोरी कापायचा विचार बोलून दाखवला आणि लगेच विचारलं, "पण तसा नियम आहे का?" २०१७मध्ये त्याने सरळ दोरी कापली असती.

नियम आणि मर्जी यांच्यामधला हा झोका जुनाच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी खेळ काढला तेव्हा खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या आणि पहिली छपाई हजार प्रतींची होती. त्यात भोकं इतकी, की प्रत्येक टेबलाला स्वतःचे नियम करावेच लागले. मेंढीकोटात हुकूम कसा ठरवायचा हे जसं घरोघरी निराळं, तसं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने शक्य तितकं सगळं लिहून काढलं. २००८च्या चौथीने प्रत्येक पात्राच्या प्रत्येक करामतीला नाव आणि चौकट दिली. ती अनेकांना पटली नाही, आणि २००९मध्ये आलेल्या पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाने तिसरीचेच नियम पुढे नेत त्यांना आपल्याकडे वळवलं. २०१४ला गाडी पुन्हा डीएमच्या निवाड्याकडे आली. आता २०२४ला ती थोडी पुस्तकाकडे सरकली आहे. दर वेळी प्रश्न एकच: टेबलावर बसलेल्या माणसावर किती भरवसा ठेवायचा?

पण पुस्तकात लिहिलं म्हणजे हक्क मिळालाच असं नाही. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा छापलेली होती, रीतसर तक्त्यात. समंजस डीएम तेव्हा तो तक्ता न वाचता पुढे जात असतील. तिथे मर्जीच कामी आली असेल.

नव्या पुस्तकातही एक तक्ता अडतो, आणि मराठी माणसाला तो जरा जास्त अडतो. पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. २०१४च्या पुस्तकात या गुणांमधली वाढ पात्राच्या 'रेस'वरून मिळायची. नोमला बुद्धी, हाफ-ऑर्कला ताकद. जन्मावरून गुण ठरवणं अमेरिकेत ज्या कारणाने खुपतं ते उघड आहे. २०२०च्या एका पूरक पुस्तकाने ही वाढ हवी तिथे टाकायची मुभा दिली. २०२४मध्ये 'रेस' शब्द गेला, 'स्पीशीज' आला, हाफ-ऑर्क आणि हाफ-एल्फ वगळले गेले, ऑर्क स्वतःच खेळाडूंच्या यादीत आला. (आपला राक्षस १९७७पासून मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वाघाचं डोकं लावून बसलाय, त्याची बाजू मांडायला अजून कोणी गेलेलं दिसत नाही.) आणि गुणांची वाढ जन्मावरून काढून 'बॅकग्राउंड'ला, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्याला, बहुतेकदा धंद्याला बांधली. सोळा बॅकग्राउंड, प्रत्येकाला तीन ठरलेले गुण.

आमचा जादूगार सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने हौसेने आपलं पात्र शेतकऱ्याचा मुलगा केलं. पुस्तकात शेतकऱ्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण. बुद्धी नाही. ती वाढवायची तर लेखनिक व्हा, पंडित व्हा, उमराव व्हा, नाहीतर असंच आणखी काही. त्याने तक्ता दोनदा पाहिला आणि हसून म्हणाला, "शहाणपण देतायत रे. बुद्धीचं काम गावात दुसरीकडे आहे."

आम्ही सगळे हसलो. मग जरा गप्प झालो. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर धंदा म्हणजे माणसाने निवडलेली गोष्ट होती. रक्तातून काढून निवडीत घातलं की अन्याय संपला, असा त्यांचा सरळ हिशेब असावा. बलुत्याच्या मुलखातल्या माणसाला रक्त आणि धंदा या दोन वेगळ्या जागा वाटतच नाहीत. न्याय्य रीत म्हणायची तर २०२०ची मुभाच होती, आणि नवं पुस्तक त्यापासून एक पाऊल मागे आलं आहे, असं माझं मत. नोव्हेंबरच्या पुस्तकात डीएमने स्वतः नवं बॅकग्राउंड कसं तयार करावं ते दिलं आहे. म्हणजे तोडगा आहे, पण तो डीएमच्या पुस्तकात आहे, खेळाडूच्या नाही.

जादूगाराने विचारलं, "मग बुद्धीत टाकू का?" मी म्हटलं, "टाक." आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, की हे पुन्हा तेच झालं: त्याने मागितलं, मी दिलं. समोर कुऱ्हाडवाली मैत्रीण बसली होती. तिच्या पात्राचं बॅकग्राउंडही शेतकरीच होतं आणि तिने पुस्तकाप्रमाणे मुकाट्याने ताकद घेतली होती. तिला मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मी गुणांच्या वहीचं शेवटचं पान उघडून लिहिलं: गुणांची वाढ कुणीही कुठेही टाकावी, विचारायची गरज नाही. मैत्रिणीने वही आपल्याकडे ओढली, वाचली आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं: टॉपलला आपल्या टेबलावर 'आडवा' म्हणावं, आणि कसा पाडला ते एका वाक्यात सांगावं. वकिलाने हरकत घेतली, की एक वाक्य त्याला पुरत नाही.

त्या पानावर आता सात नियम झाले आहेत. दोहोंवरून भांडण चालू आहे.